पाणी वाचवलं म्हणून टाकी तुंबली

मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, व्हिडिओंमध्ये सगळं दाखवतात. खिडकीबाहेरचा डोंगर, घडी होऊन भिंतीत जाणारा पलंग, छपरावरची सोलर पॅनेल्स. गाडीच्या कुशीला, मागच्या चाकाजवळ, गुडघ्याच्या उंचीवर एक काळी टोपी असते, तिच्याकडे मात्र कॅमेरा कधी वळत नाही. आम्ही पहिल्यांदा अशी गाडी भाड्याने घेतली तेव्हा चावी देणाऱ्याने टीव्हीचा रिमोट पाच मिनिटं समजावला. त्या टोपीबद्दल तो एवढंच म्हणाला, "भरली की रिकामी करायची, बास." चौथ्या दिवशी कमोडमधलं पाणी खाली जाईना.

त्या चार दिवसांत आम्ही आमच्या मते अगदी शहाण्यासारखं वागलो होतो. पाणी जपून वापरलं. कॅम्पच्या जागेवर ड्रेनेजची जोडणी होती, म्हणून टाकीचा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी उघडून ठेवला. म्हटलं, घरच्यासारखं आपोआप वाहून जाईल. नेमक्या या दोन शहाणपणांनीच घात केला. तो का, हे कळलं की या टाक्यांची निगा राखण्यातलं बरंचसं आपोआप कळतं.

गाडीच्या पोटात काय काय असतं

टाक्या तीन. एक ताज्या पाण्याची. दुसरी सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याची, तिला ग्रे टँक म्हणतात. तिसरी संडासाची, ती ब्लॅक टँक. मी पुढे करडी टाकी आणि काळी टाकी म्हणेन. मोठ्या मोटरहोममध्ये काळी टाकी ४० गॅलनची, म्हणजे साधारण १५० लिटरची असू शकते. लहान व्हॅनमध्ये वेगळी टाकीच नसते. कमोडखालून पेटीसारखी ओढून काढायची वीसेक लिटरची कॅसेट असते.

या टाक्या प्लास्टिकच्या असतात आणि गाडीच्या सांगाड्यात मावाव्यात म्हणून पसरट, जवळजवळ सपाट केलेल्या असतात. बाहेर पडायच्या तोंडाशी व्हॉल्व्ह असतो. तो नळासारखा फिरवायचा नसतो, त्यात एक पातं असतं, दांडा ओढला की ते सरकून बाजूला होतं. अमेरिकी बनावटीच्या गाड्यांत काळ्या टाकीचं तोंड ३ इंची असतं, करड्या टाकीचं बहुधा त्याहून लहान. दोन्ही पुढे एकाच पाइपात मिळतात आणि त्या पाइपावर ती काळी टोपी बसते.

घरचा संडास आणि हा संडास

घरी फ्लश केलं की आजकालच्या कमोडमध्ये सहाएक लिटर पाणी एकदम सुटतं. ते मैला ढकलत नेतं, पुढचा पाइप उताराचा असतो आणि सगळं दुसरीकडे कुठेतरी जातं. गाडीत "दुसरीकडे" असं काही नसतं. कमोडखाली एक झडप, झडपेखाली सरळ उभा पाइप आणि त्याखाली लगेच टाकी. पेडल दाबलं की जे पडतं ते जिथे पडतं तिथेच राहतं. त्याला हलवणारी एकच गोष्ट, ती म्हणजे टाकीत साचलेलं पाणी.

आता व्हॉल्व्ह उघडा ठेवला की काय होतं पाहा. बाथरूमची फरशी धुताना बादली एकदम उलटी केली तर केस, साबणाचे तुकडे, माती सगळं मोरीकडे धावतं. तेच पाणी मगाने थोडं थोडं सोडलं तर पाणी निघून जातं आणि केस जागच्या जागी राहतात. उघड्या व्हॉल्व्हच्या टाकीत दिवसभर हेच मगाचं काम चालतं. पातळ ते निघून जातं. घट्ट ते आणि कागद कमोडच्या पाइपाच्या बरोबर खाली साठत राहतात, वाळूच्या घड्याळात खालच्या भांड्यात ढीग वाढतो तसे.

आणि हा ढीग नुसता ढीग राहत नाही. कागदाच्या लगद्याचे मुखवटे कधी हातात घेतले असतील तर आठवा: ओला असताना चिखल, वाळल्यावर टणक. इथेही तोच लगदा आहे. तो वाळून पाइपाच्या तोंडापर्यंत पोचला की टाकी तीन चतुर्थांश रिकामी असूनही संडास बंद. अशा गाड्या वापरणारे लोक याला पिरॅमिड म्हणतात. आम्ही टॉर्च मारून खाली पाहिलं तेव्हा खरंच हातभर अंतरावर टोक दिसलं. पिरॅमिड शब्द कोणी शोधून काढला असेल ते कळलं. त्या क्षणी कौतुक करायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

म्हणून पहिला नियम: काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह कायम बंद. जोडणी असो वा नसो. टाकी दोन तृतीयांशाच्या वर भरू द्यायची आणि मगच एकदम सोडायची.

दुसरा: टाकी रिकामी केली की लगेच कमोडमधून दहा-पंधरा लिटर पाणी आत टाकायचं, म्हणजे तळ झाकला जातो आणि पुढचं जे पडेल ते पाण्यात पडतं. हे पाच मिनिटांचं काम लोक सर्रास विसरतात. माझ्या मते तुंबण्याची निम्मी प्रकरणं इथेच टळतील.

"पण इतकं पाणी घातलं तर टाकी लवकर नाही का भरणार?"

भरणार. दोन दिवस आधी रिकामी करावी लागेल. पण वेळेआधी भरलेली टाकी ही अर्ध्या तासाची कटकट आहे आणि वाळलेली टाकी ही अख्ख्या सहलीची.

जिथे पाण्याची खरंच टंचाई आहे, आठवडाभर नळ दिसणार नाही, तिथे काय? तिथे करड्या टाकीत जाणारं पाणी कामी येतं. भांडी विसळलेलं, अंघोळीचं पाणी घमेल्यात धरायचं आणि तेच कमोडमध्ये ओतायचं. ताजं पाणी वाचतं, काळ्या टाकीला हवं ते मिळतं, करडी टाकी उशिरा भरते. दुसरा उपाय कागदाचा: वापरलेला कागद टाकीत न टाकता झाकणाच्या डब्यात जमवायचा. ऐकायला बरं वाटत नाही, पण कागद गेला की लगद्याचा प्रश्नच अर्धा होतो.

कागदासाठी खास "गाडीचा" टॉयलेट पेपर घ्यावा का? घरीच तपासता येतं. काचेच्या बरणीत पाणी घ्या, कागदाचे दोन-तीन तुकडे टाका, झाकण लावून हलवा. दहा-पंधरा सेकंदांत धागे धागे झाले तर तो कागद चालेल, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो. तुकडे तसेच तरंगत राहिले तर नको. ओले वाइप्स मात्र कुठलेच नाहीत. "फ्लश करण्याजोगे" लिहिलेलेसुद्धा नाहीत. ते कमोडमधून खाली जातात एवढाच त्याचा अर्थ, खाली गेल्यावर विरघळतात असा नाही.

रिकामी करायची रीत

जागा एकच: डम्प स्टेशन, म्हणजे अशा टाक्या रिकाम्या करायची खास जागा, किंवा कॅम्पवरची ड्रेनेजची जोडणी. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात नाही, झुडपातही नाही. त्या पाण्यातले जंतू पुढे कोणाच्या तरी विहिरीत, ओढ्यात जातात. हातात वापरून फेकायचे मोजे.

टोपी काढण्याआधी खाली बादली ठेवा. पात्याचा व्हॉल्व्ह थोडा गळत असेल तर पातं आणि टोपी यांच्यामधल्या पाइपात लिटर-दोन लिटर साठून राहिलेलं असतं आणि टोपी फिरवताच ते बुटांवर येतं. हे मी ऐकलेलं सांगत नाहीये.

मग नळी जोडायची. जोडावर पारदर्शक कोपर मिळतो, तो जरूर लावा, कारण आत काय वाहतंय ते दिसल्याशिवाय धुऊन झालं की नाही हे कळायला मार्ग नाही. आधी काळी टाकी सोडायची. धो धो आवाज होतो, मग मंदावतो. त्यानंतर करडी सोडायची, म्हणजे साबणाचं पाणी त्याच नळीतून जाऊन नळी धुते. उलट क्रमाने केलंत तर घाण नळीत राहते आणि ती गुंडाळताना तुमची तुम्हालाच शिक्षा.

अनेक गाड्यांत काळी टाकी आतून धुण्यासाठी वेगळी जोडणी असते. बागेची नळी लावली की आत फवारे उडतात. सोय उत्तम आहे, फक्त दोन गोष्टी. त्या नळीने पिण्याचं पाणी कधीही भरायचं नाही. वेगळ्या रंगाची नळी ठेवा म्हणजे घोळ होत नाही. आणि फवारा चालू असताना खालचा व्हॉल्व्ह उघडा हवा आणि माणूस तिथेच हवा. बंद व्हॉल्व्हवर पाणी सोडून "आलोच" म्हणत गेलेल्या एका शेजाऱ्याच्या गाडीच्या छपरावरच्या पाइपातून कारंजं उडालेलं आम्ही पाहिलंय. त्याचं नशीब चांगलं, पाणी वर गेलं. नाहीतर ते कमोडमधून गाडीत येतं किंवा टाकीच फुटते.

रिकामी केली तरी दिवा "भरली"च दाखवतो

टाकीच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर धातूचे छोटे खिळे बसवलेले असतात. पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं की त्यातून अगदी क्षीण वीजप्रवाह वाहतो आणि आतल्या पॅनलवरचा दिवा लागतो. युक्ती साधी आहे, म्हणूनच फसते. खिळ्याला ओला कागद किंवा चिकट थर लागला की वीज त्यातूनही वाहते आणि पाणी नसतानाही दिवा चालूच. म्हणजे दिवा खोटं बोलत नाही, त्याला ओलं लागतंय एवढंच तो सांगतोय.

टाकी पाण्याने भरून, थोडा भांडी घासायचा द्रव घालून, गाडी दिवसभर चालवा. आतलं पाणी हेलकावे खातं आणि भिंती धुतं. बऱ्याचदा दिवा सुधारतो. नाही सुधारला तरी जिवाला लावून घेऊ नका. कमोडची झडप उघडून टॉर्चने पाहणं हा सगळ्यात भरवशाचा सेन्सर आहे. टाकीच्या बाहेरून चिकटवायच्या पट्ट्यांचे सेन्सरही मिळतात, त्यांना आतल्या घाणीचा त्रास फारसा होत नाही.

औषध टाकलं की झालं ना?

दुकानात दोन जातींची औषधं असतात. एक मारणारी, दुसरी जगवणारी.

मारणाऱ्यांत फॉर्मल्डिहाइडसारखी रसायनं असतात. ती जंतू मारतात म्हणून वास थांबतो. पण तो मैला पुढे सेप्टिक टँकमध्ये जातो तेव्हा तिथले मैला पचवणारे जिवाणूही मरतात, म्हणूनच बऱ्याच ठिकाणी ही औषधं चालत नाहीत. जगवणाऱ्यांत जिवाणू आणि विकरं, म्हणजे एन्झाइम, असतात. ते कागद आणि मैला हळूहळू पचवतात. त्यांना तीन गोष्टी लागतात: पाणी, वेळ आणि सोसेल इतकंच तापमान. टाकी रिकामी केली की तेही वाहून जातात, म्हणून दर वेळी नवा डोस. मी दुसरी जात वापरते आणि तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवत नाही. कोरड्या टाकीत टाकलेलं औषध म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नव्हे, तेवढंही पाणी नाही.

ब्लीचबद्दल कडक सांगते. काळ्या टाकीत लघवी असते, लघवीतून अमोनिया तयार होतो, आणि ब्लीच व अमोनिया मिळून क्लोरामाइन नावाचा विषारी वायू होतो. ब्लीच आणि व्हिनेगरसारखं आम्ल मिळालं तर क्लोरीन. बंद गाडीत हे प्रयोग नकोत.

बर्फाची युक्तीही ऐकायला येईल: बर्फाचे खडे टाका, गाडी चालवा, बर्फ आतून घासून काढेल. पण बर्फ पाण्यावर तरंगतो आणि गाळ तळाशी असतो. दोघांची गाठच पडत नाही. पाणी थोडं असेल आणि बर्फ तळाला टेकला, तरी वाळलेल्या थरापुढे तो मऊच, शिवाय थोड्या वेळात विरघळून मोकळा. फायदा दिसतो तो बर्फाबरोबर गेलेल्या पाण्याचा आणि हेलकाव्यांचा.

तुंबलीच तर

आधी कुठे तुंबली ते ओळखायचं, कारण उपाय त्यावर ठरतात.

कमोड लगेच भरतो, पण टाकी रिकामी असायला हवी: हा पिरॅमिड. टाकी भरलेली आहे, व्हॉल्व्ह उघडला, पण बाहेर जेमतेम धार येते: तोंडाशी बोळा. सगळं वाहतंय, पण टाकी पूर्वीपेक्षा फार लवकर भरते आणि धुतली तरी वास जात नाही: तळाशी थर जमलाय. चौथी शक्यता लोक विसरतात. व्हॉल्व्हची केबल तुटलेली किंवा सैल झालेली असते. दांडा बाहेर येतो, पातं जागचं हलत नाही. अशा वेळी दहा औषधं ओतली तरी उपयोग नाही. दांडा नेहमीपेक्षा हलका किंवा फार जड लागला तर आधी तिकडे पाहा, आणि जड दांडा जोर लावून ओढू नका. सील कोरडं पडलं असेल तर सिलिकॉनचं वंगण द्या. पेट्रोलियमचं नको, त्याने रबर फुगतं.

पिरॅमिडवर आम्ही काय केलं ते सांगते. पहिल्यांदा खालचा व्हॉल्व्ह बंद केला. मग नळीला लावायची लवचिक कांडी आणली, जिच्या टोकाला पाण्याचे बारीक फवारे असतात. ती कमोडमधून खाली घातली आणि ढिगाचं टोक फोडलं. लोखंडी सळई हाताशी होती, मोह झाला होता. पण सळई चुकली तर टाकीचा तळ फुटतो. टोक मोकळं झाल्यावर गरम पाणी ओतलं. गरम म्हणजे हाताला सोसेल इतकंच. उकळतं पाणी प्लास्टिकला आणि रबरी सीलला मानवत नाही. मोरी साफ करायची ॲसिडं आणि कॉस्टिकही याच कारणासाठी नकोत, शिवाय ती पुढे नळीतून तुमच्याच हातावर येणार असतात.

टाकी तीन चतुर्थांश भरली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी गाडी तासभर वळणावळणाच्या रस्त्याने नेली. पोटात पाणी डचमळल्याचा आवाज येत होता आणि पहिल्यांदाच तो ऐकून बरं वाटत होतं. व्हॉल्व्ह उघडला तेव्हा पारदर्शक कोपरात आधी गढूळ पाणी आलं, मग धार अडखळली, मग आतून "धब्ब" असा आवाज झाला आणि मुठीएवढे गोळे नळीतून जाताना स्पष्ट दिसले. नळी सापासारखी उडाली. असं भरून, भिजवून, सोडून तीनदा केलं तेव्हा पाणी स्वच्छ आलं.

तोंडाशी बोळा असेल तर उलटीकडून पाणी मारावं लागतं. नळी जोडायच्या जागी बसवायचा एक जोड मिळतो, त्यातून पाणी टाकीच्या दिशेने सुटतं आणि बोळा मागे ढकलला जातो. टाकी आधीच भरलेली असते, म्हणून पाणी थोडं थोडं, आणि आत एकाने कमोडवर नजर ठेवायची. बोळा सुटतो तेव्हा सगळं एकदम येतं. नळी घट्ट बसवलेली हवी आणि आपलं तोंड तिच्यासमोर नको.

तळाच्या थराला घाई चालत नाही. पाणी भरा, एन्झाइमचं औषध टाका, दोन-तीन दिवस भिजू द्या, सोडा, पुन्हा भरा. या वेळी पाणी गरम नको, नाहीतर तेच जिवाणू मरायचे. दोन-तीन फेऱ्यांत फरक पडला नाही तर जास्त दाबाच्या पाण्याने टाकी धुऊन देणारे कारागीर असतात, त्यांना बोलवा. इथे स्वतःचा हट्ट महाग पडतो.

टाकी साफ आहे, तरी वास येतो

वास बहुतेकदा टाकीत नसून तिच्या वाटांमध्ये असतो. कमोडच्या तळाशी कायम बोटभर पाणी राहायला हवं, तेच झाकण. ते ओसरत असेल तर झडपेचं रबर पाहा. सिंकखालच्या वाकड्या पाइपात, पी ट्रॅपमध्ये, पाणी साठून वायू अडवतं. गाडी महिनाभर उभी राहिली की ते पाणी वाळतं आणि करड्या टाकीचा वास वर येतो. पेलाभर पाणी ओतलं की संपलं. करड्या टाकीला लोक स्वच्छ समजतात, पण भांड्यांचं तेल आणि केस सडले की ती काळीपेक्षा जास्त घाण वास मारते. धुण्याआधी भांडी कागदाने पुसा, जाळी लावा.

टाकीतून एक पाइप छपरापर्यंत जातो, वायू बाहेर पडावा म्हणून. त्यात पानं किंवा पक्ष्याचं घरटं अडकलं तर फ्लश करताना बुडबुड असा आवाज येतो. आणि कोणीही सहज चुकतो अशी एक गोष्ट: बाथरूममधला छपराचा पंखा चालू असताना पेडल दाबलं, की पंखा टाकीतली हवा कमोडमधून वर ओढतो. आधी पंखा बंद, मग फ्लश.

गाडी उभी करून ठेवताना

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे थोडंसं आत ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करणं. दोन्ही टाक्या रिकाम्या करा, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. जिथे पाणी गोठतं, तिथे पी ट्रॅपमध्ये आणि टाक्यांच्या तळाशी मोटरहोमसाठीचं गुलाबी अँटिफ्रीझ ओता, म्हणजे व्हॉल्व्हचं सील ओलंही राहतं आणि गोठून तडकतही नाही. ते प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं. गाडीच्या रेडिएटरमध्ये घालायचं अँटिफ्रीझ सहसा एथिलीन ग्लायकॉलचं, म्हणजे विषारी असतं. नुसत्या रंगावर जाऊ नका, डब्यावरचं नाव वाचूनच ओता.